थळकरणीची खांड : पणजीचं नाव कुठे सापडेल?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरचा आहे, पण इथल्या जाणत्यांकडून काही धागेदोरे मिळतील अशी आशा आहे.

आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, धरमतर खाडीला लागून. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, घरच्यांनी तसं बजावलंय. माझे पणजोबा-पणजी मूळचे या गावचे नव्हेत. पणजोबा चार भावांतले तिसरे. वाटणीत पोट भरेल एवढी जमीन आलीच नाही, म्हणून लग्नानंतर वर्षाच्या आत दोघं बिऱ्हाड उचलून खाडीवर आली. त्यांच्यासारखीच आणखी सात घरं. समोर काय होतं, तर सावकाराचं खाजण. दिवसातून दोनदा पाणी येणार, तिवरं आणि गुडघाभर चिखल. त्या आठ घरांनी मिळून बाहेरकाठा घातला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा मुख्य बांध.

ते काम कसं झालं हे मी आजोबांकडून ऐकलंय, आणि त्यांनी त्यांच्या आईकडून. सुकती (ओहोटी) लागली की बायका-पुरुष चिखलात उतरायचे. पुरुषांनी चिकणमातीचे गड्डे कापायचे आणि बायकांनी रांग धरून ते हातोहात पुढे द्यायचे. मधेमधे पेंढ्याचा थर. भरती चढायला लागली की बाहेर यायचं. रात्रीची सुकती असली तर रात्री. उधाणाचे दिवस सोडून भांगाच्या दिवसांत काम जास्त, कारण तेव्हा पाणी फार चढत नाही. तीन उन्हाळे हे चाललं. एक अख्खा उन्हाळा केलेलं काम पावसात वाहून गेलं, ते पुन्हा केलं. बांध मिटल्यावरही लगेच पीक नाही. दोन पावसाळे नुसतं पावसाचं पाणी आत साठवून उघाडीतून, म्हणजे बांधातल्या मोरीतून, सोडत राहायचं, मीठ धुवून निघेपर्यंत. तिसऱ्या पावसाळ्यात राता भात पेरलं. लाल दाण्याचं, खारं सोसणारं. त्यातलं अर्धं सावकाराला.

पुढे १९३३ ला चरीचा शेतकऱ्यांचा संप झाला. आमची माणसं त्यात होती. पणजोबा गेले ते 'रामदास बुडाली त्याच्या दुसऱ्या वर्षी'. रामदास म्हणजे बोट. घरात हीच तारीख. पणजी त्यानंतर खूप जगली, तिनेच आजोबांना वाढवलं, तिच्याच जिवावर जमीन राहिली.

आता मूळ प्रश्न. आमच्या शेताजवळ बाहेरकाठ्यावर एक जागा आहे, तिला सगळा गाव 'थळकरणीची खांड' म्हणतो. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ती थळकरीण म्हणजे माझी पणजी. माहेर थळ, म्हणून थळकरीण. बाबांना विचारलं तिचं नाव काय, तर बाबा गप्प झाले. आजोबा तिला आई म्हणत, गाव थळकरीण म्हणायचा. सातबाऱ्यावर पणजोबा आहेत, त्यांच्यानंतर आजोबा आहेत. ती कुठेच नाही. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले, त्यांना विचारायचं मला सुचलंच नाही, याचं फार वाईट वाटतं.

तर, (१) शंभरेक वर्षांपूर्वी जन्मलेल्या बाईचं नाव कोणत्या कागदात सापडू शकतं? (२) त्या खांडीची गोष्ट कुणी ऐकलीय का?

सुरंगी

धागा फार मनापासून लिहिलाय. मी गुहागरकडची. आमच्याकडे सावकाराच्या जागी खोत. अर्धेल म्हणजे निम्मं पीक, तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा, वर वेठ. बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं ते १७ सप्टेंबर १९३७ ला, आणि खोती प्रत्यक्ष गेली १९४९ च्या कायद्याने. मधली बारा वर्षं आमच्या पणजोबांनी खोताच्या खळ्यावर भात मोजून दिलं.

नावाचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच. एक पालशेतकरीण, एक हेदवकरीण. सुनेला माहेरच्या गावाने हाक मारायची पद्धत इतकी मुरलेली की खरं नाव नवऱ्यालाही उखाण्यापुरतंच आठवत असेल. माझ्या पणजीचं नाव मला तांब्याच्या घागरीवर सापडलं. लग्नात माहेरून आलेली घागर, तिच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलेलं. घरातली जुनी भांडी आधी बघा.

जिताडा

खारेपाटातलं कुणी इथे भेटलं, बरं वाटलं! मी पेण तालुक्यातला, वय ३४, अजून भात लावतो.

थळकरणीची गोष्ट आमच्या गावातही सांगतात. आमची आजी सांगायची की बांधाला खांड पडली, पाणी आत घुसायला लागलं, तेव्हा एक विधवा बाई खांडीत आडवी पडली आणि रात्रभर तिने अंगावर पाणी अडवलं. सकाळी लोकांनी तिला बाहेर काढून तिथे माती भरली. ती तुमची पणजी असेल तर माझा नमस्कार सांगा घरी.

ज्यांना खार माहीत नाही त्यांच्यासाठी. उघाडी म्हणजे बांधातली मोरी आणि तिला बाहेरच्या अंगाला लाकडी झापा. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झाप ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणी तीच झाप दाबून बंद करतं. कुणी उघडायची नाही, कुणी लावायची नाही. पण झाप कुजली किंवा फटीत ओंडका अडकला की खारं पाणी थेट शेतात. आणि चिंबोऱ्या बांधाला भोकं पाडतात ती वेगळीच. बोटाएवढं भोक एका उधाणात हातभर होतं आणि दुसऱ्या उधाणात त्याची खांड.

दप्तर

मी तलाठी म्हणून ३१ वर्षं काढली, सगळी कोकणात. श्री. खाडीकाठ, तुम्ही सातबारा पाहून थांबलात, म्हणून तुम्हाला ती दिसली नाही. सातबारा सांगतो आज काय आहे. ते कसं झालं हे फेरफारात असतं. गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचे नंबर. ते उतरवून घ्या, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या नंबरांच्या नकलेसाठी अर्ज करा.

आता नेमकं काय बघायचं ते सांगतो. तुमचे पणजोबा १९४८ च्या सुमारास वारले (रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला येताना बुडाली, त्या हिशेबाने). म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधी. त्या काळात वारस म्हणून बहुधा मुलग्याचंच नाव लागे. पण मुलगा अज्ञान असेल तर नुसतं त्याचं नाव लावता येत नसे. पुढे 'अ.पा.क.' लिहावं लागे, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्यापुढे आईचं नाव. तुमचे आजोबा तेव्हा किती वर्षांचे होते? तीन-चार वर्षांचे असतील तर तुमची पणजी त्या ओळीत आहे.

चुलत्याने 'ए.कु.मॅ.' म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, स्वतःचं नाव लावून घेतलं असेल तर मात्र ती तिथे नसेल. तेही बघा.

दुसरी जागा. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. पण किंमत ठरवायला कलम ३२ग खाली प्रत्येकाची चौकशी व्हायची. कुळाचा जबाब घेत की जमीन विकत घ्यायला तयार आहेस का. नाही म्हटलं तर जमीन हातची जायची, आणि घाबरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून नाही म्हणणारे पुष्कळ होते. हप्ते फिटले की ३२म चं प्रमाणपत्र. ३२ग ची संचिका मिळाली तर त्यात जबाब असतो आणि जबाबाखाली सही किंवा 'नि.डा.हा.अं.', निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

कोतवाल बुकात, म्हणजे नमुना चौदाच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत फार आशा ठेवू नका. माझ्या पाहण्यातल्या पुस्तकांत बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच असे. आईला रकाना नव्हता.

बांधकरी

वय ७१. आयुष्य बाहेरकाठ्यावर गेलं. जिताडा, तुझ्या आजीचा मान ठेवून सांगतो, माणूस आडवा पडून खांड अडत नाही. उधाणाचं पाणी खांडीतून आत येतं ते पायाखालची माती ओढत येतं. माणूस असो की बैल, वाहून आत जाईल. ज्याने एकदा खांड पाहिली तो ही गोष्ट सांगणार नाही.

खांड भरतात ती सुकतीला. तिवराचे खुंट ठोकायचे, दोन ओळींत. मधे काहीतरी भर लागते जी पाणी लगेच धुवून नेणार नाही. मग माती. हे सगळं पुढच्या भरतीच्या आत. हिशेब सोपा आहे. अवस-पुनवेला बाराच्या सुमारास भरती, दिवसाही नि रात्रीही. पुढे तिथीगणिक पाऊण पाऊण तास उशीर. म्हणजे दुपारी खांड पडली तर मध्यरात्रीच्या आत भरली पाहिजे, आणि त्यातही काम करण्याजोगे पाच-सहाच तास.

आमच्या वेळी जोळ होती. ज्याची आत जमीन त्याच्या वाट्याला बांधाची ठरावीक लांबी, तिची राखण त्याची. मोठी खांड पडली की अख्खी जोळ धावायची, पण आधी हाक ज्याची लांबी त्याला. त्या बाईच्या नावाने खांड आहे म्हणजे ती तिच्या लांबीत पडली असणार. विधवा बाईच्या लांबीत खांड पडली, तर गावात काय बोललं गेलं असेल ते मला ऐकू येतं. तुमच्या घरात अजून कुणी जुनं माणूस असेल तर विचारा. त्या बाईने जे केलं असेल ते आडवं पडण्यापेक्षा मोठं असेल, एवढं मी सांगतो.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरकाका, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय, खिशात ठेवून तहसीलला जाणार आहे.

बांधकरीकाका, तुमचं वाचून रविवारी आत्याआजीकडे गेलो. ही आजोबांची मोठी बहीण, शहाबाजला दिलेली, वय नव्वदीच्या आत-बाहेर. कानांनी कमी ऐकते, बाकी सगळं लख्ख. थळकरणीची खांड म्हटल्यावर आधी हसली. मग मी आडवी पडल्याची गोष्ट सांगितली तर चिडलीच. म्हणाली, "निजली नाय ती! निजाया वेळ होता कुठं?"

तिच्या तोंडून ऐकलं ते जमेल तसं लिहितो.

पणजोबा कावीळ होऊन गेले. आत्याआजी तेव्हा दहा-अकराची, आजोबा रांगते-चालते. मधली तीन मुलं आधीच गेलेली. तेराव्याला पणजोबांचे थोरले भाऊ आले आणि म्हणाले की बाईमाणसाला बांध राखायचा जमणार नाही, वाटा सोडून दे, मी बघतो. पणजी घुंगट घेऊन आत बसली होती. आतूनच म्हणाली, "मातीचा गड्डा मी पण दिलाय." एवढंच.

दोन वर्षांनी पिठोरीच्या दुसऱ्या दिवशी खांड पडली. आदल्या दिवशी पिठोरी पुजलेली, पानाफुलांची आरास घरात तशीच होती. दुपारच्या भरतीला पाणी बांधावरून वाहायला लागलं आणि तिच्या लांबीत बांध फुटला. लावलेलं भात हातभर वाढलेलं, त्यात खारं पाणी. हाक गेली, माणसं आली. खुंट ठोकायला तिवरं होती, माती होती, पण भर नव्हती. श्रावण नुकताच संपलेला, कुणाकडे पेंढा फारसा उरलेला नाही, आणि ज्याच्याकडे होता तो गुरांसाठी. नवा पेंढा मिळायचा तो दिवाळीनंतर.

पणजीच्या दारात पेंढ्याची उडवी होती. अर्धी संपलेली, पण होती. तिच्याकडे बैलांची जोडी होती आणि एक गाय. तिने कुणाला विचारलं नाही. आत्याआजी म्हणते, आई उडवीवर चढली आणि वरून पेंढ्या खाली टाकायला लागली, मी उचलून बांधावर न्यायची, मग शेजारच्या बायका आल्या, रांग लागली. खांडीत पेंढ्या सुट्या करून दाबायच्या होत्या म्हणून ती खाली उतरून विळ्याने बंद कापत बसली. अंधार पडलेला, पाऊस चालू. त्यात विळा डाव्या अंगठ्यावर बसला. तिने लुगड्याचा काठ फाडून गुंडाळला आणि कापत राहिली. रात्रीची भरती चढायच्या आत खांड मिटली. उडवीच्या जागी सकाळी नुसता बुंधा आणि चिखल.

पेंढा नाही म्हणून भाद्रपदात एक बैल विकला. दुसऱ्याला नि गाईला बांधावरचं गवत कापून घालायची, रोज दोन भारे. पुढचा पावसाळा शेजाऱ्याचा एक नि आपला एक असा सावडीने नांगर. भात त्या वर्षी खळ्यावर जेमतेम आलं आणि पुढच्या वर्षीही जमीन खारीच होती. आत्याआजी म्हणाली, "दोन वरसं आम्ही खाडीतली मासली नि कोंड्याची भाकर खाल्ली. पण बांधाला कुनी नाव ठेवला नाय."

मी तिला पणजीचं नाव विचारलं. तिने खूप वेळ आठवलं. मग म्हणाली, बाप हाक मारायचा तो 'आवं' म्हणायचा. बाकी मला ठाऊक नाय रे पोरा. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला बघवलं नाही.

सुरंगी

वाचून थांबले. पेंढ्याची किंमत काय असते हे ज्याने गोठा सांभाळलाय त्यालाच कळेल. ऐन पावसाळ्यात उडवी रिकामी करणं म्हणजे कणगी रिकामी करण्यासारखंच आहे.

बांधकरी

पेंढा. अगदी बरोबर. दुसरं काही असूच शकत नव्हतं. आत्याआजींना माझा दंडवत.

जिताडा

आजीची गोष्ट मी आता पोरांना बदलून सांगेन.

थोडं अवांतर, पण राहवत नाही. ज्या बांधांसाठी माणसांनी हे केलं त्यातले कितीतरी आज फुटून पडलेत. १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, बांध सरकारी झाले आणि हळूहळू जोळ मोडली. आमच्या बांधाला खांड पडून सहा वर्षं झाली. अर्ज देऊन देऊन थकलो. आत इतकी तिवरं उगवलीत की आता ती तोडताही येत नाहीत, कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी का आहे तेही मला पटतं. पण आजोबाचं भाताचं शेत डोळ्यांदेखत खाडी होतं. सातबाऱ्यावर अजून भातच आहे.

मोडीवाचक

संपाबद्दल थोडं, कारण तुमच्या घराण्याच्या गोष्टीत तो नुसता उल्लेखून पुढे गेलात. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत शेतकरी परिषद झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सावकारांच्या जमिनी न कसण्याचं ठरवलं. १९३९ पर्यंत, सहा वर्षं. १९३४ च्या डिसेंबरात बाबासाहेब चरीला आले होते. त्यानंतर १९३९ च्या कुळकायद्यात 'संरक्षित कुळ' हा शब्द पहिल्यांदा आला. तुमच्या जुन्या उताऱ्यावर इतर हक्कात 'सं.कु.' किंवा तसं काही दिसलं तर त्यामागे ती सहा वर्षं आहेत. जमीन न कसता लोक जगले ते लाकडं तोडून, मोळ्या विकून, खाडीत मासे धरून. तुमच्या आत्याआजीचा जन्म त्याच वर्षांतला दिसतो.

जुने फेरफार मोडीत निघाले तर इथे सांगा, वाचून देईन. पैसे वगैरे काही नको.

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, उशीर झाला, माफ करा. तहसीलला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या तीन वाया गेल्या, त्याबद्दल लिहीत नाही. चौथ्या वेळी एका कर्मचारी ताईंनी स्वतः उठून बस्ता शोधून दिला.

वारसाचा फेरफार मिळाला. दप्तरकाका, अगदी तुम्ही म्हणालात तसाच. बाळबोधात, बोरूने लिहिल्यासारखं जाड अक्षर. पणजोबांचं नाव, 'मयत', मग आजोबांचं नाव, आणि त्यापुढे 'अ.पा.क. आई', आणि मग तिचं नाव. पुढे 'कोम', म्हणजे बायको, आणि पुन्हा पणजोबांचं नाव. ए.कु.मॅ. म्हणून थोरल्या भावाचं नाव आधी लिहिलेलं होतं, त्यावर आडवी रेघ मारून खाली हे लिहिलंय. ती रेघ कुणी मारायला लावली असेल, ते आता मला सांगावं लागत नाही.

नाव चार अक्षरी आहे. मी ते तिथे उभ्या उभ्या तीनदा वाचलं. इथे लिहीत नाही, पण घरी येऊन बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

मग ३२ग ची संचिकाही निघाली. जबाब अर्ध्या पानाचा आहे. मुलगा अज्ञान आहे, जमीन मी स्वतः कसते, बांधाची लांबी माझ्याकडे आहे, जमीन विकत घेण्यास मी तयार आहे. खाली अंगठा.

फेरफाराच्या समासातही तिचा अंगठा आहे. ताईंनी दोन्ही मूळ कागद टेबलावर शेजारी ठेवू दिले. फोटो काढायला परवानगी नव्हती, म्हणून नीट बघून घेतले. १९४८ च्या अंगठ्यात सगळ्या रेषा गोल गोल सलग आहेत, काळी शाई थोडी पसरलेली. दुसरा बारा-तेरा वर्षांनंतरचा, जांभळ्या शाईचा. त्यात मधोमध तिरकी पांढरी फट आहे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिथे शाई लागलेलीच नाही.

आत्याआजीला नाव सांगितलं. तिने ते दोन-तीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाली, हे सासरचं ठेवलेलं, लग्नात तांदळावर लिहिलेलं. माहेरचं वेगळं असणार.

म्हणजे काम अर्धंच झालंय. थळच्या कुणाकडे त्या काळातल्या शाळेच्या, देवळाच्या किंवा घराण्याच्या वह्या असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. मे महिन्यात सुट्टी काढून थळला जातोय. सुरंगीताई, पोटमाळ्यावर दोन हंडे आणि एक घागर निघाली. घागरीच्या गळ्याशी काहीतरी कोरलंय, चिंचेने घासतोय. दोन अक्षरं दिसायला लागलीत, पण ती मोडी आहेत असं वाटतं. मोडीवाचक, उद्या उजेडात फोटो टाकतो.